माश्यांच्या नावे लिहिलेला वास

दिवाळी अंक हाती येतो तेव्हा घरात उटण्याचा, भाजणीचा, तुपात परतलेल्या रव्याचा वास भरलेला असतो. अशा वेळी वाचकापुढे दुर्गंधाचा विषय ठेवायचा म्हणजे जरा संकोच वाटतो. पण ज्या जीवाबद्दल मी लिहिणार आहे, त्याच्या वाट्याला गेली साडेचारशे वर्षं संकोचच आलेला आहे. कुणी त्याला अचकट नावं दिली, कुणी दाराला कडी लावून त्याला जाळलं, आणि बहुतेकांनी नाकाला रुमाल लावून वाट बदलली.

हा जीव म्हणजे एक प्रकारची अळंबी. इंग्रजीत तिला स्टिंकहॉर्न म्हणतात. शब्दशः अर्थ घ्यायचा तर 'घाण वासाचं शिंग'. पावसाळ्यात बांबूच्या बेटात, कुजक्या ओंडक्याशेजारी, पालापाचोळ्याच्या जाड थरात ती उगवते. तिचा वास मेलेल्या उंदरासारखा असतो आणि आकार असा, की चारचौघांत तिच्याकडे बोट दाखवायची पंचाईत व्हावी.

मी कवकशास्त्राचा पदवीधर नाही. सहकारी बँकेत नोकरी करता करता पावसाळी भटकंतीत अळंब्यांचा नाद लागला. मग जुनी पुस्तकं, संशोधनपत्रिका, एक सेकंडहँड सूक्ष्मदर्शक असं करत करत गेली २२ वर्षं हा अभ्यास चालू आहे. या काळात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच: "हे खातात का?" दुर्गंधी अळंबीच्या बाबतीत तोही कुणी विचारत नाही. तिथे प्रश्न असतो, "ही घालवायची कशी?" मला मात्र तिच्याकडे पाहताना दुसरेच दोन प्रश्न पडतात. हा वास नक्की कुणासाठी आहे? आणि माणसाच्या लाजेने या जीवाविषयीच्या ज्ञानाचं काय केलं?

खायची ती अळंबी, बाकी कुत्र्याची छत्री

आपल्याकडे अळंब्यांची नावं पोटाच्या वाटेने आलेली आहेत. कोकणात अळंबी, गोव्यात ओळमी, विदर्भात सात्या आणि टेकोडे. वारुळाच्या आधाराने उगवणाऱ्या या चविष्ट जाती पहिल्या पावसांनंतर रस्त्याकडेला पानांत बांधून विकायला येतात आणि त्यांची नावं घराघरांत माहीत असतात. जे खाता येत नाही त्याला एकच सरसकट नाव: कुत्र्याची छत्री. शेकडो जाती या एका शब्दात कोंबलेल्या आहेत.

आपल्या जुन्या ग्रंथांतही अळंबीविषयी दोन सूर ऐकू येतात. मनुस्मृतीत छत्राक द्विजांना वर्ज्य सांगितलं आहे, आणि ज्या श्लोकात ते सांगितलं आहे त्यातच लसूण आणि कांदाही आहेत. उलट 'मेघदूता'च्या पूर्वमेघात ढगाच्या गडगडाटाने जमिनीतून शिलीन्ध्र वर येतात आणि ते धरणीच्या सुफलतेचं लक्षण ठरतं. एकीकडे विटाळ, दुसरीकडे शुभचिन्ह. दुर्गंधी अळंबी या दोन सुरांच्या बरोबर मध्ये उभी आहे. कांदा-लसणाच्या वासामागे गंधकाची संयुगं असतात आणि हिच्या वासामागेही गंधकच आहे. त्याकडे पुढे येऊच.

अंड्यातून छत्री

सामान्य अळंबी म्हणजे दांडा, टोपी आणि टोपीखालच्या पातळ पट्ट्या. स्टिंकहॉर्नची सुरुवात वेगळी असते. जमिनीखाली लाकूड आणि पाला कुजवत पसरलेलं कवकजाल असतं. त्याच्या दोरीसारख्या जाड धाग्यांवर एक अंडं धरतं. ते पांढरट, कधी गुलाबी-जांभळट झाक असलेलं आणि बोटाने दाबलं तर मऊ लागतं. युरोपातल्या सामान्य जातीचं अंडं कोंबडीच्या अंड्याएवढं असतं. जर्मनीत त्याला 'चेटकिणीचं अंडं' म्हणतात.

हे अंडं उभं कापलं की आत एक नीट बांधलेली पेटी दिसते. बाहेर पातळ कातडं, त्याच्या आत पारदर्शक जेलीचा थर, त्याच्या आत गडद हिरव्या रंगाचा बीजाणूंचा गोळा, आणि मधोमध दाबून, दुमडून ठेवलेला पांढरा दांडा. पूर्ण दांडा आत आधीच तयार असतो. योग्य वेळ आली की त्याच्या पेशी पाणी शोषून घेतात, दुमडलेल्या पोकळ्या उलगडतात आणि दांडा कातडं फोडून वर येतो. नवीन पेशी घडवत बसावं लागत नाही, म्हणून काही तासांत वीतभर उंची गाठता येते. जेलीचा थर म्हणजे या कामासाठी साठवलेलं पाणी. उन्हाच्या दिवशीसुद्धा अळंबी उगवू शकते ती या पाण्यावर.

दांड्याच्या टोकावर टोपीवजा भाग असतो आणि त्यावर तो हिरवट-काळा, चिकट लेप. शास्त्रज्ञ त्याला ग्लेबा म्हणतात. बीजाणू याच लेपात असतात आणि वासही याचाच.

आपल्या सह्याद्रीत आढळणाऱ्यांपैकी सगळ्यांत देखणी जात म्हणजे फॅलस इंडुसिएटस. तिच्या टोपीखालून पांढरी शुभ्र जाळी सुटते आणि घागऱ्यासारखी जवळजवळ जमिनीपर्यंत पसरते. इंडुसियम हा लॅटिन शब्द अंगरख्यासारख्या वस्त्रासाठी आहे. १७९८ साली फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञ व्हाँतना याने दक्षिण अमेरिकेतल्या डच गयानाच्या नमुन्यावरून तिचं वर्णन केलं. जाळी कशासाठी, याची दोन स्पष्टीकरणं दिली जातात. न उडणाऱ्या किड्यांना वर चढायला ती शिडीसारखी उपयोगी पडते, आणि अंधाऱ्या जंगलात पांढरा रंग दुरून दिसतो.

दक्षिण कोकणातल्या एका बांबूच्या बेटात मी या जातीसोबत एक अख्खा दिवस काढला आहे. आदल्या संध्याकाळी अंड्याच्या डोक्यावर चीर पडलेली दिसली होती, म्हणून पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन जाऊन बसलो. उजाडेपर्यंत दांडा वर आला होता. सातच्या सुमारास टोपीखालून जाळी सुटायला लागली, आणि तासाभरात ती पूर्ण खाली आली. तोवर पहिली हिरवी माशी येऊन टोपीवर बसली होती. नऊ वाजता पंधरा-वीस माश्या होत्या, दोन आकारांच्या, आणि त्या एकमेकींना ढकलत होत्या. बेटाचे मालक, सत्तरीचे एक काका, दुरूनच ओरडले, "थंय कायतरी मेलेला आसतला, जाव नकात!" मी त्यांना हाताने बोलावलं. ते आले, नाक दाबून वाकले, बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "ह्या मेलेला नाय. ह्या नुसता तसा म्हणता." दुपारी एकपर्यंत टोपीवरचा सगळा लेप चाटूनपुसून साफ झाला होता. खाली मधाच्या पोळ्यासारखी कोरी पांढरी टोपी राहिली होती आणि वास जवळजवळ गेला होता. संध्याकाळी दांडा कमरेत मोडून पडला.

"नुसता तसा म्हणता." काकांच्या या तीन शब्दांत या अळंबीचं सारं जीवशास्त्र आलं.

बीजाणू उडवता येत नाहीत तेव्हा

नेहमीच्या अळंबीला बीजाणू पसरवण्यासाठी कुणाची मदत लागत नाही. तिच्या टोपीखालच्या प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक सूक्ष्म थेंब जमतो. तो शेजारच्या ओलाव्यात अचानक मिसळतो आणि त्या झटक्याने बीजाणू फेकला जातो. रेजिनाल्ड बुलर या संशोधकाने या थेंबाचा इतका बारकाईने अभ्यास केला, की आजही त्याला 'बुलरचा थेंब' म्हणतात. फेकलेला बीजाणू खाली पडता पडता वाऱ्यावर स्वार होतो आणि निघून जातो.

स्टिंकहॉर्नचे बीजाणू बंद अंड्याच्या आत तयार होतात. तिथे फेकायला मोकळी जागा नाही. उत्क्रांतीच्या वाटेवर या गटाने फेकण्याची ती यंत्रणाच गमावली. आता त्यांचे बीजाणू, जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन लांबीचे, एका चिकट लेपात रुतलेले असतात. वारा त्यांना हलवू शकत नाही. कुणीतरी येऊन ते उचलून न्यायला हवेत, आणि ओल्या, अंधाऱ्या जंगलतळावर भरवशाचा हमाल म्हणजे माशी.

हे अनुमान पक्कं व्हायला निरीक्षणं लागली. १८८९ साली स्कॉटलंडच्या टी. वेमिस फुल्टन याने कीटकांमार्फत होणाऱ्या बीजाणूप्रसारावर लेख लिहिला आणि त्यात खास या गटाचा विचार केला. माश्यांच्या विष्ठेत या अळंबीचे बीजाणू विपुल सापडतात, हे त्याने दाखवलं. शंभरेक वर्षांनी, १९९८ मध्ये, जपानमधल्या नोबुको तुनो यांनी जाळीवाल्या जातींवर येणाऱ्या माश्या पकडून त्यांच्या पोटातले बीजाणू मोजले. एकेका माशीच्या पोटात लाखोंनी बीजाणू निघाले.

गिऱ्हाईक फक्त माशीच असते असं नाही. युरोपात मढ्यावर जगणारा, नारिंगी छातीचा एक भुंगेरा या अळंबीवर हटकून भेटतो. ब्राझीलमध्ये डंख नसलेल्या मधमाश्या तिचा लेप गोळा करताना आढळल्या, आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निरीक्षणाच्या शीर्षकातच प्रश्न होता: ही चोरी म्हणायची की वाहतूक? आयर्लंडमध्ये संशोधकांच्या लक्षात आलं, की बॅजर नावाच्या प्राण्याच्या बिळांच्या आसपास स्टिंकहॉर्न जास्त उगवतात. बिळात मरणाऱ्या पिल्लांमुळे तिथे मढ्यावरच्या माश्यांची वस्ती कायम असते, आणि जिथे माश्या तिथे या अळंबीचा व्यवहार चालतो.

वासाची बाराखडी

१९९४ साली स्वीडनच्या संशोधकांनी फॅलस इम्पुडिकस या युरोपीय जातीचा वास रासायनिक उपकरणांनी तपासला. त्याच वेळी त्यांनी अळूच्या कुळातल्या एका दुर्गंधी फुलाचा वासही तपासला. दोन्हींत ठळकपणे निघाली ती गंधकाची दोन संयुगं: डायमिथाइल डायसल्फाइड आणि डायमिथाइल ट्रायसल्फाइड. मांस कुजताना त्यातल्या गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून जीवाणू हीच संयुगं बनवतात. शिजलेल्या कोबीत आणि कांद्यातही ती थोड्या प्रमाणात असतात.

२००२ साली भूमध्य समुद्राच्या बेटांवरच्या 'मेल्या घोड्याचा अळू' अशा अर्थाच्या नावाच्या फुलावर एक सुंदर प्रयोग झाला. माशीच्या शिंगिकेला बारीक विद्युतवाहक जोडून तिला एकदा फुलाचा वास दिला आणि एकदा कुजक्या मांसाचा. शिंगिकेने दोन्हींना सारखाच प्रतिसाद दिला. माशीच्या लेखी ते फूल म्हणजे मढंच होतं. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासकांनी मढ्याचा आणि शेणाचा वास घेणारी अनेक फुलं एका बाजूला ठेवली आणि लाल बोटांची एक स्टिंकहॉर्न दुसऱ्या बाजूला. वासाची घडण जुळली. फुलं आणि कवकं यांचे पूर्वज अब्जावधी वर्षं नसले तरी कोट्यवधी वर्षं नक्कीच वेगळे आहेत; तरी माशीला बोलावायची वेळ आली तेव्हा दोघांनी एकच भाषा उचलली.

ही भाषा आपल्या अंगणातही बोलली जाते. सुरणाचं फूल उमललं की त्याचा कुबट वास आळीभर पसरतो. रायगड, ठाणे, पालघरकडे पावसाच्या तोंडावर मिळणारी शेवळं ही सुरणाच्याच प्रजातीतली. कोवळी असताना आपण काकडं घालून त्यांची भाजी करतो, आणि जंगलात उमलायला राहिलेल्या शेवळाचा वास माश्यांना बोलावतो. योगायोग असा, की सुरणाच्या प्रजातीचं शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस आहे. म्हणजे नामकरण करणाऱ्यांना तिथेही तेच दिसलं.

मात्र फुलात आणि अळंबीत एक मोठा फरक आहे. मढ्याचा वास सोडणारी बहुतेक फुलं माशीला फसवतात. ती अंडी घालायच्या आशेने येते, अंगावर पराग घेऊन जाते आणि तिला मिळत काही नाही. अंडी घातलीच तर अळ्या उपाशी मरतात. स्टिंकहॉर्न माशीला चुकीचा पत्ता सांगून बोलावते खरी, पण आल्यावर जेवू घालते. तिच्या लेपात साखर असते. माशी पोट भरून जाते, आणि जिथे जाईल तिथे बीजाणू टाकते. आपण जिला निर्लज्ज म्हणतो ती अळंबी हमालाची मजुरी रोखीने चुकती करते.

आपल्याला हा वास असह्य का होतो, याचंही कारण आहे. कुजलेल्या मांसापासून लांब राहणारे पूर्वज जगले. तेव्हा आपली किळस खरी आहे, उपयोगाची आहे, फक्त इथे ती गैरलागू आहे. हा वास आपल्याला उद्देशून नाहीच. दुसऱ्याच्या नावे आलेलं पत्र आपण उघडलं आहे आणि मजकूर आवडला नाही म्हणून पाठवणाऱ्यावर रागावलो आहोत.

लाजेचा इतिहास

या अळंबीवरचं पहिलं स्वतंत्र पुस्तक १५६४ साली डेल्फ्ट शहरात छापलं गेलं. लेखक हेड्रियानस युनियस, हॉलंडमधला वैद्य आणि विद्वान. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर उगवणाऱ्या एका विचित्र कवकाचं त्याने चित्रासह वर्णन केलं आणि त्याला सरळ 'फॅलस' म्हटलं. एकाच कवकावर लिहिलेलं हे जगातलं बहुधा सर्वांत जुनं पुस्तक. ती जात आज त्याच्याच नावाने, फॅलस हॅड्रियानी म्हणून ओळखली जाते. युनियसच्या लेखी ती अभ्यासाची वस्तू होती.

पुढे मात्र गंमत सुरू झाली. इंग्लंडच्या जॉन जेरार्डने १५९७ च्या आपल्या वनस्पतीकोशात तिला चावट बोलीतलं नाव दिलं. जॉन पार्किन्सनने १६४० मध्ये त्यावर कडी करून तिला 'हॉलंडवाल्यांचं अवजार' म्हटलं. दर्यावर्दी शेजाऱ्याला टोमणा मारायची ती संधी होती. १७५३ साली लिनियसने सगळ्या वनस्पतींना दोन शब्दांची नावं दिली तेव्हा या अळंबीच्या वाट्याला आलं फॅलस इम्पुडिकस, म्हणजे 'निर्लज्ज लिंग'. नाव एकदा लागलं ते लागलं. आजही प्रत्येक शोधनिबंधात ते छापावं लागतं.

व्हिक्टोरियन काळात या विनोदाची भीती झाली. ग्वेन रॅव्हरात ही चार्ल्स डार्विनची नात. तिच्या १९५२ च्या 'पीरियड पीस' या आठवणींच्या पुस्तकात तिची एटी आत्या, म्हणजे डार्विनची मुलगी हेन्रिएटा, भेटते. ही आत्या खास झगा आणि हातमोजे घालून, टोपली आणि टोकदार काठी घेऊन रानात जाई, वासाच्या मागावर एकेक स्टिंकहॉर्न हुडकून काढी, आणि घरी आणून दिवाणखान्याचं दार बंद करून शेकोटीत जाळून टाकी. कारण? घरातल्या मोलकरणींच्या नीतीवर परिणाम होऊ नये. ज्या माणसाने गांडूळ, शंख-शिंपले, कबुतरं अशा कशाचीही लाज न धरता सृष्टीचं कोडं सोडवलं, त्याच्याच मुलीने रानात जाऊन पुरावे जाळावेत, हा विनोद वाचताना हसू येतं आणि मग थोडं वाईटही वाटतं. ज्या नाकाने ती शोध घेत होती ते नाक फार तयार होतं. एखादी वही सोबत नेली असती तर इंग्लंडला स्टिंकहॉर्नची उत्तम अभ्यासक मिळाली असती.

सगळ्यांनी लाजेच्याच नजरेने पाहिलं असं मात्र नाही. १७९२ साली टास्मानियाच्या किनाऱ्यावर फ्रेंच मोहिमेसोबत उतरलेल्या लाबियार्दिएरला लाल चांदणीच्या आकाराची एक जात मिळाली. ऑस्ट्रेलियातल्या मूळ कवकांपैकी शास्त्रीय वर्णन झालेलं ते पहिलं कवक. आल्फ्रेड म्योलर हा जर्मन संशोधक ब्राझीलच्या ब्लुमेनाऊ वसाहतीत राहून आला आणि १८९५ मध्ये त्याने या गटावर ग्रंथ लिहिला. त्याचं शीर्षक त्याने ठेवलं 'ब्राझीलची कवक-फुलं'. त्याच जीवांना फुलं म्हणणारा माणूस भेटला की बरं वाटतं. नायजेरियातले योरुबा लोक तिथल्या एका जातीला 'अकुफोदेवा' म्हणतात. मरण, शिकारी आणि शोध या अर्थाचे शब्द जोडून ते नाव बनलं आहे. आपण मारलेलं जनावर इथेच कुठेतरी पडलंय, असं समजून शिकारी वासामागे जातो आणि सापडते ती अळंबी. कोकणातले काका आणि आफ्रिकेतला शिकारी यांचं अनुमान एकच आहे, आणि त्या नावात चेष्टा नाही, निरीक्षण आहे.

चीनमध्ये तर जाळीवाल्या जातीचं नाव आहे 'झूसुन', म्हणजे बांबूशी जोडलेलं. तिथे टोपी आणि अंड्याचं कातडं काढून उरलेला दांडा आणि जाळी वाळवतात आणि सूपात घालतात. १९७९ पासून तिची लागवड होते. पूर्वी राजेशाही मेजवानीत जाणारी ही वस्तू आता दुकानात पाकिटात मिळते. ज्या अळंबीसमोर आपण नाक दाबतो तीच.

आपल्या अंगणात

गेल्या काही वर्षांत ही अळंबी शहरांतही दिसू लागली आहे. सोसायट्यांच्या बागांत मातीवर लाकडाचा भुसा, चिपळ्या आणि नारळाच्या सोड्यांचा चुरा पसरतात. कुजणारं लाकूड हेच तिचं अन्न, त्यामुळे दोन पावसाळे झाले की नारिंगी-लाल बोटं वर येतात. आमच्या शहरातल्या एका सोसायटीतून मला बोलावणं आलं, तोवर माळ्याने दोनदा फिनेल ओतलं होतं. सचिव म्हणाले, "काका, मुलं विचारतात हे काय आहे. आम्ही काय सांगायचं?" खरी अडचण वासाची नव्हतीच. मी मुलांनाच बोलावलं आणि एक अंडं उभं कापून दाखवलं. पेटीतली पेटी बघून ती इतकी रंगली, की आकारावरून कुणी हसलं नाही. मोठ्यांना मी एवढंच सांगितलं: ही विषाची वेल नाही, झाडांना तिचा त्रास नाही, ती तुमच्या भुशाचं खत करते आहे. फिनेलने जमिनीखालचं जाळं मरत नाही, भुसा संपला की ती आपोआप कमी होईल. वास नकोच असेल तर सकाळी अंडी फुटायच्या आत उचलून कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.

सह्याद्रीतला प्रश्न याहून मोठा आहे. आपल्या डोंगरांत या गटातल्या अनेक जातींची नोंद आहे. क्लॅथ्रस डेलिकॅटस नावाची एक जात तर बोटाच्या पेराएवढ्या जाळीदार गोळ्यासारखी असते. तिचं वर्णन प्रथम श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून झालं. त्या बेटावरच्या स्टिंकहॉर्नवर टी. पेच या तिथल्या कवकशास्त्रज्ञाने १९०८ सालीच स्वतंत्र प्रबंध लिहिला होता. एका दिवसात उगवून संपणाऱ्या जीवाची नोंद करायची, तर त्या दिवशी त्या जागी कुणीतरी असावं लागतं, आणि त्याने नाक न दाबता वाकावं लागतं. शिवाय जिथे ती राहते तो पालापाचोळ्याचा थर आपल्याला कचरा वाटतो. देवराईत सिमेंटचा चौथरा बांधताना, रिसॉर्टचं आवार 'स्वच्छ' करताना, बागेतला पाला जाळताना हाच थर जातो. वाघ गेला तर बातमी होते. हा थर गेला तर त्याबरोबर काय काय गेलं हे सांगायला नावंच नसतात, कारण आपण ती कधी ठेवलीच नाहीत.

म्हणून नावाला मी इतकं महत्त्व देतो. संस्कृतात 'लिंग' या शब्दाचा मूळ अर्थ चिन्ह, खूण असा आहे. धूर हे अग्नीचं लिंग, असं न्यायशास्त्रात म्हणतात. त्या अर्थाने ही अळंबी खरोखरच लिंग आहे. इथे जमिनीखाली एक कवकजाल जिवंत आहे, लाकडाची माती होते आहे, माश्यांचा राबता आहे, याची ती खूण आहे. लिनियसने लावलेलं 'निर्लज्ज' हे विशेषण तिच्याबद्दल काही सांगत नाही. सांगितलंच तर ते पाहणाऱ्याबद्दल सांगतं.

वाचकांना दोन विनंत्या. पुढच्या पावसाळ्यात मेल्या उंदराचा वास आला आणि उंदीर सापडला नाही, तर जरा आजूबाजूला पाहा. सापडलं तर दिवस, वेळ, जागा, खाली काय कुजत होतं आणि वर कोण बसलं होतं, एवढं लिहून ठेवा. शेजारी मापासाठी एखादं नाणं ठेवून फोटो काढा. खाऊ मात्र नका. काही जीवघेण्या अळंब्याही कोवळ्या असताना अंड्यासारख्याच दिसतात, आणि चीनमधल्या पाकिटाच्या भरवशावर आपल्या रानात प्रयोग करायचे नसतात. दुसरी विनंती अशी, की गावाकडे आजी-आजोबांना, गुराख्यांना, बांबू तोडणाऱ्यांना विचारा, या अळंबीला तुम्ही काय म्हणता? कुणी सांगताना ओशाळेल, कुणी हसेल. जे नाव सांगतील ते जसंच्या तसं लिहून घ्या. ते अचकट असलं तरी चालेल.